शिरूरचा पैसा पक्का

पगाराच्या दिवशी साळवेमामांच्या अंगात बारीक ताप असायचा. ही थट्टा नव्हे, मी स्वतः कपाळाला हात लावून पाहिला आहे. दौंडच्या इंजिन शेडमध्ये ते फिटर होते. पगार हातात पडला की बाकीची मंडळी हसतखेळत निघायची. कुणी वाटेत भजी खायचं, कुणी उधारीवाल्या वाण्याला चुकवून मागच्या गल्लीनं सटकायचं. मामांचा चेहरा मात्र उतरलेला असायचा. एक हात खिशावर घट्ट दाबलेला, पायांत नुसती घाई, आणि समोरून ओळखीचं माणूस आलं तरी थांबायचं नाव नाही.

"काय झालं मामा?"

"पैसा हाय, भाऊसाहेब, खिशात. त्यो जाईस्तवर मला चैन न्हाई."

मी तिथल्या एका शाळेत कारकून होतो, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणत. मी मूळचा न्हावऱ्याचा. नोकरीमुळे दौंडात रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायला आलो, आणि पहिल्याच महिन्यात हा माणूस माझ्या दारात उभा राहिला. उभाच. बसा म्हटलं तर बसले नाहीत. एक पाय उंबऱ्यावर ठेवून चहा प्यायले, माझ्या टेबलावरच्या नव्या ट्रान्झिस्टरकडे पाहिलं आणि विचारलं, "हप्त्यावर का?"

मी हो म्हणालो. मामांनी बशी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाले, "तुमचा पैसा लई जवळ हाय."

हे मामांचं अर्थशास्त्र. माणूस खर्च का करतो? कारण पैसा जवळ असतो. उशाखाली असला तर रात्रीत संपतो, कपाटात असला तर आठवड्यात. म्हणून पैसा लांब ठेवायचा. किती लांब? तर जाऊन आणायचा म्हटलं की माणसाचे पाय दुखले पाहिजेत. "अंतर ठेवा, भाऊसाहेब, अंतर," असं ते मला इतक्या वेळा म्हणाले आहेत, की पुढे माझी बायको रॉकेलच्या रांगेत कुणी अंगावर आलं की हेच म्हणायला लागली.

पगार झाला की मामा घरी जातच नसत. शेडच्या भिंतीआड उभं राहून रुमालाच्या चारही टोकांना पैशांच्या गाठी मारत. एक टोक घरचं. त्यात किराणा, रॉकेल आणि बुद्धविहाराची वर्गणी. दुसरं टोक केडगावचं, तिसरं यवतचं, चौथं शिरूरचं. या तीन गावांत तीन माणसं होती आणि त्यांच्याकडे मामांची ठेव असे. व्याज नाही, पावती नाही, कागदाचा चिटोराही नाही. मामा जायचे, गाठ सोडायचे, पैसे द्यायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. परत आल्यावर ताप उतरलेला असायचा.

त्यातही प्रतवारी होती. केडगाव आणि यवत रेल्वेच्या लाइनवर. मामांकडे रेल्वेचा पास, म्हणजे जायला यायला फुकट. म्हणून तिथला पैसा 'कच्चा'. मनात आलं की गाडीत बसून आणता येतो. शिरूरला मात्र रेल्वे नाही. चौफुल्याला एस.टी. बदलायची, भीमा ओलांडायची, न्हावऱ्यावरून धुरळा खात जायचं, आणि वर रोख तिकीट काढायचं. "ज्या पैशाला तिकीट पडतं ना, त्योच पैसा ऱ्हातो. शिरूरचा पैसा पक्का," असं ते छातीला हात लावून सांगत.

स्वतःविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. "मी लई खर्चिक माणूस हाय," असं ते गंभीरपणे म्हणायचे. आयुष्यात या माणसानं दोनदा उधळपट्टी करायचं मनावर घेतलं होतं. एकदा टेरिलिनच्या शर्टाचा मोह झाला. केडगावला जाऊन पैसे आणले, शर्ट शिवला, आणि तो घालून इंजिनाच्या भट्टीपाशी उभे राहिले. शर्ट अंगाला असा चिकटला की दोघांनी ओढून काढला. त्या दिवसापासून कपड्यांचा पैसा शिरूरला गेला. दुसऱ्यांदा सायकल घ्यायची ठरली. पैसे आणायला शिरूरला निघाले, तर चौफुल्यावर पुढची गाडी चुकली. मामा तिथं लिंबाखाली येरझाऱ्या घालत राहिले. घालता घालता विचार केला, एवढं चालू शकतो तर सायकल कशाला? गुळाची ढेप घेऊन परत आले. "सायकल चौफुल्यावरच उतरली," असं पुढे सांगायचे.

मी त्यांना शंभरदा म्हटलं असेल, की मामा, पोस्टात टाका. बुक मिळेल, व्याज मिळेल.

"पोस्ट दौंडातच हाय की," मामा म्हणायचे. "आन् त्यो पोस्टातला बाबा मान तरी वर करून बघतो व्हय? कसं हाय, जेवला का, काय इचारतो?"

हा मुद्दा मला त्या वेळी बिनडोकपणाचा वाटला. तरी त्यांच्या नादाला मीही लागलो. बायकोला प्रेशर कुकर हवा होता आणि माझ्या हातात पैसा टिकत नव्हता, म्हणून दर महिन्याला थोडे मामांकडे ठेवले. दिवाळीच्या तोंडावर मागायला गेलो.

"तुमचं पैसं यवतला हायेत," मामा म्हणाले.

"यवतला? मी तुमच्याकडे दिले होते."

"माझ्याकडं म्हंजी काय? मी शेजारी ऱ्हातो तुमच्या. लई जवळ झालं."

तेव्हा मला माझ्याच पैशासाठी रजा टाकून यवतला जावं लागलं. कुकर आला, हे कबूल करतो. पण त्याची पहिली शिट्टी ऐकताना मला यवतचं ऊन आठवलं.

मामांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गावी भावकी होती पण घर नव्हतं, आणि तिकडं जायची इच्छाही नव्हती. क्वार्टरमध्ये एकटेच राहत, आणि तिथंही त्यांना स्वस्थता नसे. भाकरी थापता थापता बाहेर डोकावायचे, जेवता जेवता उठून नळ बघून यायचे. मग निवृत्तीचं वर्ष आलं आणि एक साधी गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. नोकरी संपली की क्वार्टर सोडायचं. राहायचं कुठं?

आमच्या घरमालकाची, आप्पांची, आमच्या शेजारची खोली विकायची होती. पत्र्याची, पण भिंती पक्क्या, पुढं ओटा आणि दारात नळ. किंमत तीन हजार. एक व्यापारी कांद्याच्या गोण्या ठेवायला ती मागत होता. मी आप्पांच्या खूप विनवण्या केल्या. शेवटी ते म्हणाले, "शनिवारी दिवेलागणीपर्यंत रोख आणा. न्हाईतर रविवारी त्या गड्याचा कांदा आत पडंल."

मामांचा फंड निवृत्तीनंतर, साहेबांच्या सह्या होऊन, कधी यायचा तेव्हा येणार होता. हाताशी होती ती फक्त ठेव.

"मामा, तीन हजार आहेत का?"

"हायेत की. काठोकाठ हायेत."

"कुठं?"

"तिन्ही गावांत," मामा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पगाराच्या दिवशी उतरायचा तसाच उतरला.

शुक्रवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. मी मुद्दाम सोबत गेलो, कारण मामांचा मला भरवसा वाटेना. गाडीत ते एका जागी बसले नाहीत. पाटस येईपर्यंत डबाभर फिरून आले, कडेठाणला खाली उतरून परत चढले. मी पेपर वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

केडगावची ठेव सालोमीबाईंकडे. त्या तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या बाजूला राहत. पूर्वी तिथल्या मुलींना शिवण शिकवत, आता घरीच परकर-झबली शिवत. मामांना पाहून त्यांनी मशिन थांबवलं आणि म्हणाल्या, "या साळवे. या महिन्यात लवकर आलात." आत जाऊन चहा टाकला. मामा ओट्यावर उभे. मी खुणेनं म्हटलं, मागा. मामांनी मान हलवली, खाकरले, आणि म्हणाले, "बाई, ह्या मशिनचा पट्टा सैल वाटतोय."

पुढचा तासभर मामा मशिनखाली आडवे झाले होते. पट्टा कापला, टाचला, तेल घातलं, चाक फिरवून पाहिलं. बाईंनी एका विद्यार्थिनीच्या लग्नाची हकीकत सांगितली, मामांनी 'हां, हां' केलं. मग हात पुसले आणि "येतो बाई" म्हणून चालायला लागले.

"मागितले?" मी रस्त्यावर विचारलं.

"न्हाई बा. त्यांचं चित्त मशिनीत हुतं."

यवतचं स्टेशन गावापासून लांब. रखरखीत उन्हातून चालत हमरस्त्यावर बबनशेठच्या धाब्यावर गेलो. बबनशेठ मोठा गलका करणारा माणूस. "आले का आमचे सावकार," म्हणून त्यानं गिऱ्हाइकांना सरकवून मामांना जागा केली. मामा बसले नाहीत. उभ्यानं मिसळ खाल्ली. बबनशेठचा ट्रकवाल्यांशी हिशेबावरून वाद चालला होता, त्यात मामांनी न विचारता निवाडा दिला. त्याच्या गुडघ्याला कोणतं तेल लावायचं ते सांगितलं. आणि बाहेर पडले.

"आता इथं काय झालं?"

"गिऱ्हाईक लई हुतं. बरं दिसतं का, माणसांम्होरं पैसं मागायचं?"

मला संताप आला. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली होती. आप्पांपुढं हात जोडले होते. आणि हा माणूस स्वतःचे पैसे मागायला लाजत होता. चौफुल्याला आम्ही गाडी बदलली. शिरूरच्या एस.टी.त मामा दांडा धरून उभे होते. बाजूला जागा रिकामी होती. भीमेच्या पुलावर मला राहवलं नाही.

"मामा, एकदा सरळ सांगा. खोली पाहिजे की नको? परवापासून तिथं कांदा पडेल आणि तुम्ही फलाटावर झोपाल."

मामा खाली वाकून माझ्या कानाशी बोलले, कंडक्टरला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

"पाहिजे की. माझं सोताचं दार आसावं, आसं लई वाटतं. पर भाऊसाहेब, एकदा का त्यांच्याकडचं पैसं घेतलं, की मी तिथं जायाचं काय म्हणून? आन् ती तरी माझी वाट बघायची काय म्हणून?"

मला त्या माणसाची फार दया आली, आणि दया आली हे त्यांना कळू नये म्हणून मी उगाच तिकिटं मोजत बसलो. न्हावरं माझं गाव. तिथं गाडी थांबली, ओळखीच्या दोघांनी हाका मारल्या, पण मी खाली उतरलो नाही.

शिरूरला मामांची मेहुणी होती, गंगूबाई. नवरा वारल्यावर तिनं पिठाची गिरणी चालवायला घेतली होती. आम्ही गेलो तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी झाली होती आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून एका गिऱ्हाइकाला बाजरी ओली असल्याचं सुनावत होती. मामांना पाहताच तिनं पट्टा उतरवला. एकदम शांत झालं.

"दाजी, ह्या येळंला? काय झालं?"

"काय न्हाई, गंगू. सहज."

आता मात्र मी मधे पडलो. मामांना बोलायची संधीच न देता खोली, आप्पा, कांदा, शनिवार सगळं सांगून टाकलं. केडगावला आणि यवतला काय घडलं तेही सांगितलं. एस.टी.त ते काय म्हणाले एवढं सोडून. पण ती बाई हुशार. माझं बोलणं संपेपर्यंत ती माझ्याकडे नव्हे, मामांकडे बघत होती. मामा गिरणीचा पट्टा चाचपत होते.

ती आत गेली. ज्वारीच्या कणगीत हात घालून एक डबा काढला, आणि पोत्यावर बसून सगळे पैसे मोजले. मोजताना नोटांना पीठ लागत होतं. शेवटी एक दहाची नोट तिनं बाजूला काढली, बाकीचा गठ्ठा मामांच्या हातात दिला.

"ही धा रुपयं मी देणार न्हाई," ती म्हणाली.

"का गं?"

"खातं बंद हुतं दाजी. आक्का गेल्यापासनं ह्या घरात कोण येतंय? तुमी येताय म्हणून मी महिन्याला एक दिस गिरणी लवकर बंद करतीया. सगळं न्यायचं आसंल तर न्या. पर मंग मला सांगा, कुठल्या दिवशी करू बंद?"

इतकी वर्षं मामांना वाटत होतं, की ही माणसं वाट पैशाची बघतात. मग तिच्यापुढच्या पोत्यावर ते मटकन बसले. गंगूबाईनं पदरानं डोळे पुसले, त्यानं पीठ आणखी पसरलं, आणि ती एकदम खेकसली.

"केडगावला, यवतला बी आसंच सांगायचं. समदं द्या, धा ठेवा. आवघड काय हाय त्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एकटेच गेले. मला बरोबर येऊ दिलं नाही. दुपारी परतले तेव्हा रुमालाच्या गाठी भरलेल्या होत्या, आणि आश्चर्य म्हणजे ताप नव्हता. सालोमीबाईंनी दहा रुपये मशिनच्या खणात ठेवले म्हणाले. बबनशेठनं गल्ल्याच्या कोपऱ्यात वेगळे ठेवले आणि शिव्या दिल्या, काल का नाही बोललास म्हणून.

दिवेलागणीला आम्ही आप्पांच्या ओट्यावर पैसे मांडले. आप्पांनी दोनदा मोजले.

"तीस कमी हायेत."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. काठोकाठच्या हिशेबातून तीन घरी दहा-दहा मागं राहिले, हे त्या दिवसभराच्या आनंदात आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आप्पा तीन हजाराला एक पैसा कमी घेणारे नव्हते, आणि व्यापारी समोरच्या हॉटेलात चहा पीत बसला होता. मी घरात गेलो. बायकोनं काही न विचारता डाळीच्या डब्यातून तीस रुपये काढून दिले. खोली मामांची झाली.

माझे तीस रुपये मात्र अडकले. मामांचा फंड आला, पेन्शन सुरू झाली, पण मामा एकदम पैसे द्यायला तयार नाहीत. दर पहिल्या तारखेला शेजारच्या दारातून आमच्या दारात यायचे, एक रुपया टेबलावर ठेवायचे, चहा घ्यायचे, बायकोला भाजीचे भाव विचारायचे, आणि जायचे.

"एकदम देऊन टाका की मामा," मी सुरुवातीला म्हणायचो.

"एकदम न्हाई झेपत, भाऊसाहेब," असं ते अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायचे.

असं करता करता एकच रुपया उरला. त्या पहिल्या तारखेला बायकोनं आठवणीनं शिरा केला होता. मामा आले, खुर्ची ओढून बसले, शिरा खाल्ला, चहा घेतला. खिशाकडे हात काही गेला नाही. उठताना दारात थांबले.

"ह्या महिन्यात जरा वढाताण हाय, भाऊसाहेब. ऱ्हायलेला रुपया म्होरच्या महिन्यात बघू."

"काही घाई नाही, मामा," मी म्हणालो.

त्यानंतर प्रत्येक पहिल्या तारखेला ते येतात आणि हेच सांगतात.